पार्श्वभूमी : वेबपत्त्यातच लिहिलेला पासवर्ड

संरक्षित साइट उघडताना नाव-पासवर्ड विचारणारी छोटी खिडकी येते. ती टाळायची म्हणून पत्त्यातच ‘नाव:पासवर्ड@साइट’ असे लिहून टाकायची सवय अजून अनेकांच्या हातात आहे. राउटरचे पान, ऑफिसमधला टेस्ट सर्व्हर, वर्गणीदारांसाठी राखलेले विभाग, सगळीकडे एकेकाळी हे बिनबोभाट चालायचे. आज एका ब्राउझरमध्ये चालते, दुसऱ्यात इशारा येतो, आणि पानातल्या चित्राच्या किंवा फ्रेमच्या पत्त्यात तेच लिहिले तर काहीच दिसत नाही. ‘सुरक्षेसाठी बंद केले’ हे उत्तर अर्धवट आहे. सुरक्षेचे प्रश्न दोन होते, आणि बंदी त्यातल्या एकासाठीच आली.

मुळात ही रचना वेबसाठी नव्हतीच. डिसेंबर १९९४ मध्ये आलेल्या आरएफसी १७३८ या दस्तऐवजाने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणाऱ्या क्रमांकित कागदांची मालिका) इंटरनेटवरच्या पत्त्यांचा सर्वसाधारण साचा ठरवला, त्यात नाव आणि पासवर्डला जागा होती. फाइली पाठवण्याच्या एफटीपी या पद्धतीला त्याची गरजच होती, कारण तिथे लॉगिनशिवाय पाऊल पुढे पडत नाही. वेबची पाने ज्या पद्धतीने येतात त्या एचटीटीपीच्या बाबतीत मात्र त्याच दस्तऐवजात स्वच्छ लिहिले आहे की नाव किंवा पासवर्ड चालणार नाही. तरी ब्राउझरांनी ते चालवून घेतले, आणि जे चालते ते लोक वापरतात. १९९८ मध्ये आरएफसी २३९६ ने ही पद्धत शिफारस करण्याजोगी नाही असे म्हटले, २००५ मध्ये आरएफसी ३९८६ ने तिला कालबाह्य ठरवले. मधल्या काळात जे घडले ते या दोन्ही कागदांपेक्षा जास्त परिणाम करून गेले.

डिसेंबर २००३ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररमधला एक दोष उघडकीला आला. जगातले बहुसंख्य लोक तेव्हा हाच ब्राउझर वापरत होते. दोष समजायला पत्ता कसा वाचला जातो ते पाहावे लागते. ‘बँकेचे नाव@३२३२२३५७७७’ असा पत्ता दिला, तर ब्राउझरच्या लेखी @ च्या डावीकडचे सगळे म्हणजे युजरनेम. जायचे ठिकाण उजवीकडे, आणि तो लांबलचक आकडा म्हणजे १९२.१६८.१.१ हा आयपी पत्ताच (नेटवर्कवरच्या यंत्राचा क्रमांक), फक्त एका दशमान संख्येत लिहिलेला. डोळा मात्र डावीकडून वाचतो आणि बँकेच्या नावावर थांबतो. ही फसवणूक आधीपासून चालू होती. नव्या दोषामुळे @ च्या आधी एक अदृश्य नियंत्रण-चिन्ह घुसवले की ॲड्रेस बारमध्ये त्यापुढचे काहीच उमटत नसे. बारकाईने पाहणाऱ्यालाही तिथे बँकेचाच पत्ता दिसायचा.

यावर जो निर्णय झाला त्यावरचा वाद मला आजही महत्त्वाचा वाटतो. दोष पत्ता दाखवण्यातला होता. ॲड्रेस बार नीट करता आला असता, खरे ठिकाण ठळक दाखवता आले असते, किंवा आधी विचारता आले असते. हा ब्राउझर बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने वेगळा मार्ग घेतला. २ फेब्रुवारी २००४ रोजी, महिन्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न बघता आलेल्या अपडेटने एचटीटीपी आणि एचटीटीपीएसच्या पत्त्यांतून नाव-पासवर्डची सोयच काढून टाकली. असा पत्ता टाकला की ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स एरर’ असे पान समोर यायचे. एफटीपीला हात लावला नाही.

ओरड झाली, आणि ती करणारे सगळेच निष्काळजी नव्हते. अंतर्गत पोर्टलवरच्या लिंका, ग्राहकांना दिलेले बुकमार्क, एका प्रणालीतून दुसरीत थेट नेणारी बटणे अशा अनेक गोष्टी या एका @ वर उभ्या होत्या. निर्णयाच्या बाजूचे लोक १९९४ चा कागद पुढे करत : एचटीटीपीत हे कधी मान्यच नव्हते, मग तक्रार कसली? कागदोपत्री ते बरोबर होते. पण दहा वर्षे जे स्वतःच चालू दिले, ते चुटकीसरशी तोडताना नुसते कलम दाखवणे हे लोकांच्या कामाबद्दल बेफिकीर असणेच होते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, एक किंमत बदलून जुनी वागणूक परत आणता येत असे, म्हणजे जाणकारांची सोय झाली आणि बाकीचे अडकले.

फायरफॉक्सने मधला रस्ता धरला : अमुक साइटवर अमुक नावाने लॉगिन करत आहात, असे सांगून विचारायचे, आणि साइट लॉगिन मागतच नसेल तर ही फसवणूक असू शकते असा इशारा द्यायचा. माझ्या मते हे अधिक प्रामाणिक उत्तर होते.

या सगळ्या वादात दुसरा प्रश्न बाजूला पडला, तो म्हणजे पासवर्ड उघडा पडण्याचा. बेसिक लॉगिनमध्ये, म्हणजे त्या छोट्या खिडकीमागच्या साध्या पद्धतीत, नाव-पासवर्ड बेस६४ या वेगळ्या अक्षरमांडणीत बदलून पाठवतात. ते कूटलेखन नव्हे, कोणीही क्षणात उलटे करू शकतो. मानकातले उदाहरणच अलाद्दीन हे नाव आणि ‘तिळा तिळा दार उघड’ हा पासवर्ड असे आहे. एचटीटीपीएस आल्यावर वाटेतली चोरी थांबली. पण पत्त्यात लिहिलेला पासवर्ड हिस्टरीत राहू शकतो, बुकमार्कमध्ये राहतो, कॉपी करून पाठवलेल्या मेलमध्ये राहतो. ब्राउझर सर्व्हरकडे जाताना तो पत्त्यातून काढून हेडरमध्ये, म्हणजे विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत, घालतो, त्यामुळे साइटच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदींत) तो सहसा सापडत नाही. सापडतो तो आपल्याच बाजूला.

पुढचे टप्पे भराभर आले. २०१७ मध्ये क्रोमच्या ५९ व्या आवृत्तीने पानातल्या उपघटकांच्या (चित्रे, फ्रेम वगैरे) पत्त्यांत नाव-पासवर्ड असेल तर ती विनंतीच अडवायला सुरुवात केली. पानातल्या कोडमधून माहिती मागवणाऱ्या जावास्क्रिप्टच्या ‘फेच’ला असा पत्ता दिला तर तो सरळ एरर देतो. जून २०२२ च्या आरएफसी ९११० नुसार पाठवणाऱ्याने एचटीटीपीच्या संदेशात असा पत्ता तयारच करायचा नाही. आणि तरी २०२३ मध्ये डॉट झिप हे डोमेन सर्वांना खुले झाल्यावर जुनी युक्ती नव्या कपड्यांत परत आली : तिरप्या रेघेसारखी दिसणारी दुसरी युनिकोड चिन्हे वापरून डावीकडे एखाद्या नामांकित साइटचा पूर्ण मार्ग लिहायचा, मग @, आणि शेवटी झिप फाइलसारखे दिसणारे डोमेन. वीस वर्षांनंतरही डोळा डावीकडूनच वाचतो.

ब्राउझरबाहेर तर ही रचना जोरात आहे. डेटाबेसला जोडणारी कनेक्शन स्ट्रिंग, सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा व्हिडिओ दाखवणारा आरटीएसपी पत्ता, मध्यस्थ सर्व्हरची म्हणजे प्रॉक्सीची सेटिंग, सगळे याच साच्यात. पासवर्डमध्येच @ असेल तर तो %४० असा लिहावा लागतो, आणि बऱ्याच तक्रारी तिथेच असतात. कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिट या साधनात रिमोटचा, म्हणजे दूरच्या साठ्याचा, पत्ता असा लिहिला की पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये उघडा बसतो आणि ‘गिट रिमोट -व्ही’ म्हटले की स्क्रीनवर येतो. कोड साठवणाऱ्या सर्वांत मोठ्या सेवेने, गिटहबने, १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी खात्याचा पासवर्ड घेणे थांबवले, तेव्हा अनेकांनी त्याच जागी टोकन, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी सांकेतिक किल्ली, चिकटवले. टोकनचे अधिकार मर्यादित ठेवता येतात आणि ते रद्द करता येते, ही सुधारणा खरी आहे. जागा मात्र तीच राहिली. २०२२ मध्ये गिटच्या २.३७ आवृत्तीत अशा पत्त्यांवर इशारा देण्याची किंवा काम थांबवण्याची सेटिंग आली. ती स्वतःहून लावावी लागते, मूळ किंमत ‘चालू द्या’ हीच ठेवलेली आहे.