लेहची दुपार आणि पातळ हवा

२०२४ च्या जुलैअखेर लेहची काही विमानं रद्द झाली. धुकं नव्हतं, वादळ नव्हतं, संपही नव्हता. कारण होतं ऊन! पारा तिशी ओलांडून गेला होता. बातमी वाचून पुष्कळांनी नाक मुरडलं. नागपुरात ४५ अंशांतही विमानं उडतात, मग लेहच्या विमानांचे एवढे लाड कशाला? माझ्या भाच्याची शंका तर आणखी पुढची. "मामा, गरम हवा वर जाते ना? मग विमानाला फुकटात वर ढकलायला हवं तिनं."

शंका चुकीची असली तरी झकास आहे.

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटर उंच. तिथे हॉटेलच्या खोलीत बॅग उघडली की घरून नेलेलं वेफर्सचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं दिसतं. पाकिटातली हवा खालच्या गावची, बाहेरचा दाब मात्र लेहच्या उंचीवरचा. तो समुद्रकाठच्या दाबाच्या दोन तृतीयांशच उरलेला. आता एक मीटर लांब, तेवढीच रुंद आणि उंच अशी पेटी घ्या. दाब घटला किंवा हवा तापली की ती पसरते, आणि पेटीत कमी मावते. समुद्रसपाटीला १५ अंशांत तिच्यात १.२२५ किलो हवा मावते. नागपूरच्या ४५ अंशांत साधारण १.०७ किलो. लेहला सकाळी १० अंशांत सुमारे ०.८३ किलो आणि दुपारी ३३ अंशांत जेमतेम ०.७७.

सकाळ-दुपारचा हा फरक किरकोळ वाटतो. वैमानिक तो वेगळ्या भाषेत मोजतात: एवढी पातळ हवा प्रमाण वातावरणात (म्हणजे हिशेबासाठी ठरवून घेतलेल्या सरासरी वातावरणात) किती उंचीवर असती? लेहच्या सकाळचं उत्तर येतं सुमारे ३,८०० मीटर, दुपारचं ४,५०० च्या वर. म्हणजे विमानाच्या लेखी तोच विमानतळ सकाळपासून दुपारपर्यंत सातशे मीटर वर सरकलेला असतो.

आता माझा आवडता भाग. पंखाला मिळणारी उचल हवेच्या घनतेवर अवलंबून असते आणि वेगाच्या वर्गावर. घनता घटली की तेवढीच उचल मिळवायला वेग वाढवणं भाग. समुद्रकाठी ताशी २४० किलोमीटरला जमीन सोडणारं विमान त्याच वजनानिशी लेहच्या दुपारी ताशी ३०० च्या आसपास धावल्याशिवाय उठणार नाही. गंमत म्हणजे वैमानिकासमोरचा वेगाचा काटा दोन्हीकडे एकच आकडा दाखवतो! कारण तो काटा वेग मोजतच नाही. समोरून नळीत घुसणाऱ्या हवेचा दाब तो मोजतो, आणि त्या दाबातही घनता गुणिले वेगाचा वर्ग हेच गणित असतं. पंख आणि काटा, दोघांनाही हवा सारखीच फसवते. म्हणून त्यांचं आपसात बरोबर जुळतं. फसत नाही ती धावपट्टी. वेग सव्वापट म्हणजे गतिज ऊर्जा दीडपटीहून जास्त, आणि ती कमवायची किंवा ब्रेकमध्ये जिरवायची ती याच डांबरावर. टायरलाही वेगमर्यादा असते. मोठ्या जेट विमानांत ती बहुधा ताशी ३६० किलोमीटरच्या आसपास असते.

त्यातच इंजिनही अशक्त होतं. जेट इंजिन हवा मागे फेकून विमान पुढे रेटतं, आणि फेकायला हवाच कमी. इंधन वाढवून भरपाई करावी, तर आतल्या टर्बाइनची पाती किती तापू द्यायची याला मर्यादा आहे. रेटा एक तृतीयांशाने घटला असं धरलं, तर ढोबळ हिशेबाने धाव दुपटीहून जास्त लांबते. वर नियम असा की ऐन उड्डाणात एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या इंजिनावर समोरचे डोंगर ओलांडता आले पाहिजेत. लेहला डोंगर सगळीकडेच. मग हातात उरतं फक्त वजन: काही खुर्च्या रिकाम्या, काही बॅगा मागे. तेवढ्यानेही भागलं नाही की उड्डाण रद्द.

 

अमेरिकेतल्या फीनिक्सला जून २०१७ मध्ये उष्णतेमुळेच काही लहान जेट विमानांची उड्डाणं रद्द झाली. त्या विमानांची तापमानाची मर्यादा ४८ अंशांच्या जरा अलीकडे संपते. त्यापुढच्या उन्हासाठी वैमानिकाकडे आकडेच नाहीत, आणि आकड्यांवाचून उडायचं नसतं.

दमट हवा जड असते, हाही असाच एक समज. पाण्याच्या रेणूचं वजन १८, नायट्रोजनचं २८, ऑक्सिजनचं ३२. वाफ शिरते ती या जडांना बाजूला सारून. म्हणून दमट हवा उलट हलकी. पण ३० अंशांच्या गच्च दमट हवेतही फरक पडतो फक्त दीड टक्क्याचा.

राहिला भाचा. गरम हवा वर जाते हे खरंच. घारी तिच्यावरच पंख न हलवता तासन् तास घिरट्या घालतात. पण घार जेमतेम किलोभराची, विमान सत्तर टनांचं. त्याच्या वाट्याला त्या हवेतून येतात ते दुपारचे हादरे, तेही जमीन सोडल्यावर. तोवर लेहला सकाळचंच विमान धरावं.