राखीव साथीदार

राखीव साथीदार : रोल-प्लेइंग व्हिडिओ गेममध्ये (आरपीजी; यात खेळाडू कथेतल्या पात्रांची भूमिका घेतो आणि त्यांची ताकद वाढवत नेतो) खेळाडूच्या चमूत सामील झालेले, पण सध्या लढाईत किंवा प्रवासात नसलेले पात्र. अशा गेममध्ये कथेच्या ओघात सात, दहा, क्वचित शंभरावर सोबती मिळतात. एका वेळी मैदानात मात्र तीन, चार किंवा सहाच उतरू शकतात. उरलेल्यांना कुठे ठेवायचे, त्यांची ताकद कशी वाढवायची, कोणाला कधी आत घ्यायचे, हे सारे राखीव साथीदारांच्या व्यवस्थापनात येते. मराठी खेळाडूंच्या बोलण्यात यासाठी ‘पार्टी’ (मैदानात उतरलेला चमू), ‘बेंच’ (राखीव फळी), ‘लेव्हल’ (पात्राच्या ताकदीची पायरी), ‘एक्सपी’ (अनुभवगुण) हेच शब्द रुळले आहेत. ‘राखीव’ हा शब्द मात्र कबड्डीतून आयता मिळतो: सात जण मैदानात, पाच बाहेर. फरक एवढाच, की कबड्डीतला राखीव गडी बाहेर बसल्याने कच्चा ठरत नाही. आरपीजीमध्ये बसलेले पात्र आकड्यांनी मागे पडत जाते, आणि या विषयातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

मैदानातल्यांची संख्या कमी ठेवण्याची कारणे साधी आहेत. पडद्यावर जागा थोडी असते, प्रत्येकाला वेगळा हुकूम द्यायचा तर लढाई रेंगाळते आणि शत्रूंची ताकद ठरावीक संख्येच्या हिशेबाने बेतावी लागते. कोणाला न्यायचे हा निर्णयही त्यामुळेच खेळाचा भाग होतो. बहुतेक गेम ही मर्यादा न बोलता लादतात. ‘क्रोनो ट्रिगर’ने (१९९५) तिला कथेत कारण दिले: चार किंवा अधिक जणांनी एकत्र कालप्रवास केला, तर ते इच्छित काळात न पोहोचता ‘काळाच्या शेवटी’ असलेल्या एका छोट्या, धूसर जागेत येऊन पडतात. म्हणून तिघांनी जायचे आणि बाकीच्यांनी तिथल्या दिव्याखाली वाट पाहायची. नियम आणि कथा यांची इतकी सुबक सांधेजोड नंतरही फार थोड्यांना साधली.

या प्रथेचा उगम संगणकावरच्या सुरुवातीच्या आरपीजीमध्ये आहे. ‘विझर्ड्री’त (१९८१) खेळाडू आधी अनेक पात्रे घडवून ठेवतो आणि मग गिल्गमेशच्या गुत्त्यात जाऊन त्यांतल्या सहा जणांची टोळी बांधतो. इथे राखीव पात्रे शोभेची नव्हती. भुयारात सगळी टोळी मारली गेली, तर त्यांचे मृतदेह तिथेच पडून राहत. ते परत आणायला दुसरी टोळी घेऊन उतरावे लागे, आणि ही दुसरी टोळी कच्ची असेल तर तीही तिथेच संपण्याची भीती असे. राखीव फळी तयार ठेवणे ही त्या गेममध्ये चैन नव्हती, तो विमा होता. जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट ३’ने (१९८८) गुत्त्याची ही कल्पना उचलून लुइडाच्या गुत्त्यात सौम्य, सोपी केली. पुढे ‘ड्रॅगन क्वेस्ट ४’मध्ये (१९९०) घोडागाडी आली: चौघे पायी, बाकीचे गाडीत. गाडी जवळ असेल तर लढाई चालू असतानाच आतला माणूस बाहेर काढता येतो. बहुतेक गुहांत मात्र गाडी जात नाही, आणि दाराशी तिला सोडताना कोणाला सोबत घ्यायचे याचा खरा विचार करावा लागतो.

कळीचा प्रश्न अनुभवगुणांचा, म्हणजे एक्सपीचा. लढाई जिंकल्यावर मिळणारा अनुभव फक्त लढलेल्यांना द्यायचा, की सगळ्यांना? फक्त लढलेल्यांना दिला तर एक दुष्टचक्र सुरू होते. आवडते चौघे बलवान होतात, म्हणून पुन्हा तेच नेले जातात आणि बाकीचे इतके मागे पडतात की त्यांना नेणे जिवावर येते. ज्या पात्रासाठी लेखकांनी संवाद लिहिले, संगीत रचले, वेगळी कौशल्ये बेतली, ते पात्र अशा रीतीने गेम संपेपर्यंत कोपऱ्यात बसून राहते. मग एखाद्या प्रसंगात कथा त्यालाच पुढे बोलावते आणि खेळाडूला तासन्‌तास जुन्या शत्रूंना मारत त्याची लेव्हल वाढवावी लागते.

यावरचे उपाय गेमगणिक वेगळे आहेत. ‘फायनल फँटसी १०’ने (२००१) लढाईत केव्हाही अदलाबदल करू दिली आणि जो निदान एक चाल खेळला त्याला पूर्ण गुण दिले. त्यामुळे सातही जणांना एकेका चालीसाठी आत आणून बाहेर काढायची सवय खेळाडूंना लागली. लढाया थोड्या लांबल्या, पण प्रत्येक पात्राचा हात चालता राहिला. ‘फायनल फँटसी १२’ (२००६) मधला मार्ग काढते: राखीव पात्रांना अनुभव नाही, पण शस्त्रे आणि जादू वापरण्याचे परवाने मिळवून देणारे गुण सर्वांना मिळतात. ‘पर्सोना ५’मध्ये (२०१६) मिशिमा या शाळासोबत्याशी मैत्री वाढवली, तर मागे राहिलेल्यांनाही अनुभव मिळू लागतो, म्हणजे ही सोयसुद्धा कमवावी लागते. ‘सुइकोडेन’ने (१९९५) सर्वांत सोपा हिशेब मांडला. प्रत्येक लेव्हलला १००० गुण लागतात, आणि कमकुवत पात्राने तगड्या शत्रूशी लढून जिंकल्यास त्याला एका लढाईत कित्येक लेव्हल मिळतात. मागे पडलेला गडी दोन-तीन लढायांत बरोबरीला येतो. नव्याला आजमावण्याची भीती घालवणारा इतका साधा नियम फार कमी दिसतो.

‘पोकेमॉन’चा (१९९६) प्रवास वेगळा नोंदवायला हवा, कारण अनेकांची राखीव फळीशी पहिली ओळख तिथेच होते. सोबत सहा, बाकीचे बिल या पात्राने बनवलेल्या साठवणीत, संगणकातल्या खोक्यांमध्ये. पहिल्या पिढीत एकूण जागा २४०, पण एका वेळी एकच खोके चालू. ते भरले की नवा पोकेमॉन पकडता येत नसे. आधी गावातला संगणक गाठून खोके बदलावे लागे. दुर्मीळ पोकेमॉन समोर उभा आणि खोके भरलेले, ही हळहळ त्या पिढीच्या खेळाडूंना चांगली आठवते. खोक्यातल्यांना अनुभव मिळत नाही. पाळणाघरात ठेवलेल्याला मात्र खेळाडूच्या प्रत्येक पावलामागे एक गुण मिळे. ‘एक्स’ आणि ‘वाय’मध्ये (२०१३) एकच साधन सुरू केले की सोबतच्या सहाही जणांना अनुभव मिळू लागला. ‘स्वोर्ड’ आणि ‘शील्ड’मध्ये (२०१९) ही वाटणी कायमची झाली आणि खोकी जवळपास कुठूनही उघडू लागली. कंटाळवाणे कष्ट वाचले हे खरे, पण कच्च्या पिल्लाला पहिल्या चालीपुरते पुढे करून लगेच मागे घेण्याची, त्याला जपत वाढवण्याची मजाही त्याबरोबर गेली.

काही गेम राखीव फळीची थेट परीक्षा घेतात. ‘फायनल फँटसी ६’मध्ये (१९९४) एकूण १४ पात्रे आहेत आणि पार्टी चौघांची. शेवटी खलनायक केफ्काच्या बुरुजात मात्र तीन वेगळ्या टोळ्या एकाच वेळी उतरवाव्या लागतात. एका टोळीने कळ दाबून धरायची, तेव्हा दुसरीची वाट मोकळी होते. अंतिम लढाईत खेळाडू आपल्या माणसांची रांग लावतो आणि एका टप्प्यात पडलेल्याची जागा पुढच्या टप्प्यात रांगेतला पुढचा घेतो. ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ (२०१८) याबाबत कठोर आहे. तिथे पात्रे आठ, पार्टी चौघांची, बाहेरच्यांना अनुभव शून्य, आणि सुरुवातीला निवडलेल्या नायकाला त्याची कथा संपेपर्यंत पार्टीतून काढताच येत नाही. सगळी मुख्य कथा चौघांच्या बळावर रेटता येते. पण गाल्डेरा या गुप्त शत्रूसमोर आठही जण दोन तुकड्या करून उभे करावे लागतात. आठांतल्या प्रत्येकाचा धागा तिथे जुळतो, म्हणून ही अट कथेच्या दृष्टीने रास्त आहे. तिची तयारी करून घेण्याची तसदी मात्र गेम घेत नाही, आणि हा दोष लहान नाही.

‘डार्केस्ट डंजन’ने (२०१६) फळी फिरवणे हाच गेमचा गाभा केला. चौघे मोहिमेवरून परततात ते मानसिक ताणाने पिचलेले. त्यांना गुत्त्यात किंवा मठात पाठवले की तो आठवडा ते कामाला येत नाहीत, म्हणून दुसरे चौघे तयार लागतात. वर अनुभवी वीर सोप्या मोहिमांवर जायला नकार देतात, त्यामुळे नवख्यांना जुन्यांच्या आडोशाने वाढवता येत नाही.

बसलेल्यांना काम देणे हा आणखी एक मार्ग. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’मध्ये (१९९७) गुत्त्यातून मिळणाऱ्या कामगिऱ्यांवर राखीव सैनिकांना काही दिवसांसाठी पाठवता येते, ते पैसे आणि कौशल्यगुण घेऊन परततात. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’मध्ये (२०२०) पात्रांना २० तासांपर्यंतच्या मोहिमांवर धाडून साहित्य मिळवता येते. ‘ब्रेथ ऑफ फायर ४’ (२०००) तर मागच्या फळीलाच अर्थ देते: लढाईत तिघे पुढे, तिघे मागे, आणि मागे गेलेल्याची जादूची शक्ती हळूहळू भरून येते.

सर्वांत समृद्ध उत्तर मुक्कामाचे. ‘सुइकोडेन’ची १०८ पात्रे ‘शुइहू चुआन’ या जुन्या चिनी कादंबरीतल्या १०८ वीरांवरून आलेली आहेत. त्यांतले अनेक जण कधीच तलवार धरत नाहीत. कोणी लोहार, कोणी दुकानदार. त्यांच्या येण्याने खेळाडूचा मुक्काम असलेला ओसाड किल्ला हळूहळू गजबजतो. लढाईत न नेलेला माणूसही उपयोगी असतो, आणि ते खेळाडूला डोळ्यांनी दिसते. पाश्चात्त्य गेममध्ये हीच जागा तळाने किंवा जहाजाने घेतली. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये (२००३) नऊ सोबती आणि त्यांतले दोनच बरोबर, बाकीचे जहाजावर, पण अनुभव सगळ्यांना. ‘बॉल्डर्स गेट ३’मध्येही (२०२३) तळावरचे सोबती पार्टीबरोबरच लेव्हल चढतात. रात्री तळावर त्यांच्याशी बोलता येते, रुसवे-फुगवे होतात, जीव जडतो. प्रवासात नसलेल्याचे वाटेतले बोलणे मात्र ऐकायला मिळत नाही, आणि हे नुकसान एक्सपीच्या वाटणीने भरून निघत नाही.

शेवटच्या लढाईत मागे राहिलेल्यांना स्थान देण्याचे काम बायोवेअर या स्टुडिओने दोनदा केले. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये (२००९) नायकाबरोबर न गेलेले सोबती डेनेरिम शहराच्या वेशीवर शत्रूला थोपवतात, आणि ती लढाई खेळाडूच त्यांच्याकरवी लढतो. ‘मास इफेक्ट २’ (२०१०) याहून निर्दय आहे. अखेरच्या मोहिमेत न निवडलेले साथीदार मागे राहून वाट राखतात. प्रत्येकाचे बचावाचे बळ गेम आतल्या आत मोजतो, खेळाडूने त्यांची निष्ठा मिळवली होती की नाही हेही धरतो, आणि सरासरी कमी पडली तर माणसे मरतात. ग्रंट किंवा गॅरससारख्या दणकट गड्यांना आपल्याबरोबर नेले, तर मागे उरलेला म्हातारा शास्त्रज्ञ मॉर्डिन सर्वांत आधी जातो.