ड्रायर टायमर

ड्रायर टायमर : कपडे वाळवायच्या किंवा पिळायच्या मशीनची मोटर (आणि असेल तर हीटर) लावलेल्या वेळेनंतर बंद करणारा स्विच. मराठीत ‘ड्रायर’ म्हणून दोन वेगळ्या वस्तू चालतात आणि बिघाड शोधताना निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. अमेरिकेत ड्रायर म्हणजे गरम हवेत कपडे गोल फिरवून वाळवणारं वेगळं मशीन, आपल्याकडे सेमी ऑटोमॅटिकचा छोटा टब, जो गरागरा फिरून नुसतं पाणी काढतो आणि कपडे नंतर दोरीवर टाकावेच लागतात. दोन्हीचा टायमर आतून एकदम वेगळा असतो.

उगमाबद्दल एकमत नाही. फ्रान्समधल्या पोशाँ या माणसाने १८०० च्या सुमारास (काही जण १७९९ देतात) भोकं पाडलेला, विस्तवावर हाताने फिरवायचा पिंप केला, तोच पहिला ड्रायर असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसनला १८९२ मध्ये पेटंट मिळालं, पण ती शेगडीच्या उबेवर कपडे टांगायची चौकट होती, फिरणारं काही नव्हतं, त्यामुळे तिला आजच्या मशीनची आजी म्हणणं जरा ताणल्यासारखं होतं. नॉर्थ डकोटाच्या रॉस मूर यांचं डिझाइन हॅमिल्टन कंपनीने १९३८ च्या सुमारास ‘जून डे’ नावाने विकायला आणलं, खरी सुरुवात तिथून धरलेली बरी. टायमरची वंशावळ मात्र कपड्यांच्या नाही, घड्याळांच्या घराण्यातली. हेन्री वॉरेन यांनी १९१० च्या दशकात लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर (वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते, ते हर्ट्झमध्ये मोजतात) ठरणाऱ्या वेगाने चालणारी छोटी सिंक्रोनस मोटर घड्याळात बसवली, आणि अमेरिकन ड्रायरच्या नॉबमागे त्याच जातीची मोटर असते. ती गिअरमधून एक खाचाखाचांची चकती हळूहळू फिरवते, खाच आली की पितळी पट्टी सुटते आणि करंट तुटतो. ही मोटर ६० हर्ट्झची, म्हणून तिकडून कोणी मशीन उचलून पुण्याला आणलं आणि ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवलं, तरी ५० हर्ट्झवर ६० मिनिटांची सायकल ७२ मिनिटं चालणार, यात टायमरचा काही दोष नाही.

या अमेरिकन मशीनची एक कॉमन तक्रार म्हणजे ‘ऑटो’वर (मिनिटं न लावता कपडे वाळेपर्यंत चालणारी सायकल) नॉब पुढेच सरकत नाही, आणि इथेच चांगले टायमर कचऱ्यात जातात. पुष्कळ जुन्या मॉडेलमध्ये ऑटोला टायमरची मोटर थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला आपोआप सुटणारा स्विच) दोन टोकांना समांतर जोडलेली असते. थर्मोस्टॅट जोडलेला आहे तोवर करंट त्यातूनच हीटरला जातो आणि टायमर उभाच राहतो, ड्रम तापून थर्मोस्टॅट सुटला की करंटला टायमरच्या मोटरमधून जावं लागतं, मग नॉब थोडा सरकतो. ओले कपडे लवकर तापत नाहीत म्हणून टायमर थांबून थांबून चालतो, ही सोयच आहे. पण हीटर जळला असेल तर ड्रम कधी तापतच नाही आणि मशीन तासन् तास फिरत बसतं. हवेच्या पाइपात कपड्यांचा भुगा तुंबला तरी असं होऊ शकतं. म्हणून आधी नॉब मिनिटांच्या सायकलवर लावून बघायचा. तिथे सरकला तर टायमरची मोटर ठीक आहे, हीटर आणि पाइप तपासा.

आपल्याकडच्या ड्रायरचा टायमर चावीच्या घड्याळासारखा, साधारण ५ मिनिटांचा. नॉब फिरवला की आतली स्प्रिंग आवळली जाते, त्याला वीज लागतच नाही. त्यामुळे पहिली तपासणी प्लग काढूनच होते. नॉब फिरवून कान लावायचा, टिकटिक करत शून्यावर आला तर घड्याळ शाबूत. नॉब फिरतो पण टिकटिक नाही, असं असेल तर नॉब खेचून काढून बघा, बऱ्याचदा आतल्या प्लॅस्टिकला चीर गेलेली असते आणि तो दांडीवर नुसता फिरत असतो, पक्कडीने दांडी फिरवली की टायमर गपगुमान चालू. मध्येच थांबवायला नॉब जोर लावून उलटा फिरवायची सवय वाईट, दाते तुटतात.

टिकटिक आहे पण टब हलत नाही, तेव्हा मोटर गुणगुणते का ऐका. गुणगुणत असेल तर करंट पोचतोय, म्हणजे टायमरचा दोष नाही, मग कॅपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा, वीज साठवून ठेवणारा भाग), अडकलेला ब्रेक किंवा टबाखाली सरकलेला पायमोजा शोधायचा. आवाजच नसेल तर टायमरचे कॉन्टॅक्ट (करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पट्ट्यांची टोकं) किंवा झाकणाचा स्विच, दोघंही एकाच वायरीवर एकामागे एक असतात. प्लग काढून टायमरच्या दोन वायरी सोडवायच्या, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड शाबूत असेल तर बीप देणारी सेटिंग) लावून नॉब फिरवायचा, बीप आली नाही तर कॉन्टॅक्ट काळे पडलेत. कोकणात पावसाळ्यात मागच्या पडवीत ठेवलेल्या मशीनला हे जास्त होतं. उलट शून्यावर येऊनही टब थांबत नसेल तर कॉन्टॅक्ट चिकटलेत, घासून वापरू नका, टायमर बदलाच. कॅपॅसिटरला प्लग काढल्यावरही लगेच हात लावायचा नाही.

आजच्या फुल्ली ऑटोमॅटिकमध्ये सहसा असा टायमर नसतो, तिथे वेळ पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) मोजतो.