मिनी सुमोची चाकं घेण्याआधी

मिनी सुमो म्हणजे छोट्या रोबोंची कुस्ती: समोरच्या रोबोला गोल रिंगबाहेर ढकलायचं. त्यासाठी आमच्या दुकानात आलेल्या मुलांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मोटर कमी पडतेय, मोठी द्या." आम्ही रोबो टेबलावर ठेवतो, पुढे हात आडवा धरतो आणि चालू करायला सांगतो. चाकं जागच्या जागी गरगरली, तर मोटरमध्ये दम आहे, पकड नाही. मोठी मोटर घातलीत तर ती आणखी जोरात गरगरतील, एवढंच. चाक अडून मोटर नुसती घूंऽऽ करत तापली, तर मात्र मोटरचं बोलू.

हिशोब सोपा आहे. मिनी सुमोत रोबोचं वजन जास्तीत जास्त 500 ग्रॅम. घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचं माप, 1 धरला आणि सगळं वजन चाकांवर आलं, तर ढकलायचा जोरही 500 ग्रॅमचाच. त्यातले 150 ग्रॅम पुढच्या पात्यावर, म्हणजे समोरच्याखाली घुसणाऱ्या पट्टीवर, रेलले की उरले 350. म्हणून रबराआधी आम्ही बॅटरी कुठे बसवलीय ते बघतो. पात्यावर थोडा भार हवाच म्हणा, नाहीतर समोरचा खालून शिरतो.

आमचे टायर नरम सिलिकॉनचे, शोअर ए 20 च्या आसपास (शोअर ए हे रबराच्या कडकपणाचं माप, आकडा कमी तितकं नरम). नख दाबलं की खळगा पडतो, सोडलं की भरतो. नक्षी मुद्दामच नाही. ट्रॅक्टरसारख्या खाचा मातीत कामाच्या. गुळगुळीत रिंगवर त्यांनी टेकणारं रबरच कमी होतं. सिलिकॉन हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या कडक भागाला, धड चिकटत नाही. आमची पहिली खेप पायातल्या मोज्यासारखी उतरली होती. आता हबला आरपार भोकं ठेवतो, ओतलेलं सिलिकॉन त्यांत शिरून स्वतःला धरून बसतं.

नरम रबर धूळ मात्र पटकन धरतं. प्रत्येक लढतीआधी चिकट बाजू वर केलेल्या टेपवर चाक फिरवा, किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू द्या. पकड वाढवायला चिकट स्प्रे वगैरे मारू नका. सुमोच्या प्रचलित नियमांत रोबो ए4 कागदावर ठेवून उचलतात. कागद दोन सेकंदांहून जास्त लटकला तर रोबो बाद.

व्यास ठरवताना घाई नको. 30 मिमीऐवजी 40 चं चाक लावलंत तर वेग वाढतो, पण त्याच मोटरचा जोर पाऊणच उरतो. एन20 या छोट्या गिअर मोटरच्या 3 मिमी डी-शाफ्टला (एका बाजूने चपट्या दांड्याला) बसणारे हब तयार असतात. मोटर दुसरी असेल तर माप फोनवर सांगू नका, मोटरच घेऊन या.