तोटा कुठे कापायचा, हे खरेदीआधीच ठरवा
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाव खरेदीला आला की काढून टाकतो." पडलेल्या शेअरबद्दल हे वाक्य आम्हाला सतत ऐकू येते. पण तुमचा खरेदीभाव काय होता, याच्याशी बाजाराला काही देणेघेणे नसते. २०० ला घेतलेला शेअर १४० वर आला असेल, तर स्वतःला इतकेच विचारा: आज हातात रोख रक्कम असती, तर हाच शेअर १४० ला घेतला असता का? उत्तर 'नाही' असेल, तर तो केवळ तोटा मान्य करवत नाही म्हणून खात्यात पडून आहे.

ही खोड नवशिक्यांपुरती नाही. गुंतवणूकदारांच्या वर्तनाचे अभ्यासक टेरन्स ओडीन यांनी १०,००० खात्यांचे व्यवहार तपासून १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. लोक नफ्यातले शेअर लगबगीने विकत होते, तोट्यातले सांभाळत होते. आणि विकून टाकलेल्या नफ्यातल्या शेअर्सनी पुढच्या वर्षभरात, धरून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा सरासरी चांगली कामगिरी केली.

वाट पाहणे महाग का पडते, ते साध्या हिशेबात दिसते. १०% तोटा भरून यायला सुमारे ११% वाढ पुरते. २०% तोट्याला २५% लागते, ५०% तोट्याला १००% आणि ८०% तोट्याला ४००%.

नग किती घ्यायचे?

आधी बाहेर पडण्याचा भाव ठरवा. नग त्यावरून निघतात. समजा भांडवल ५,००,००० आहे आणि एका सौद्यात त्यातले १%, म्हणजे ५,००० गमवायची तयारी आहे. खरेदी २०० ला, स्टॉपलॉस (म्हणजे तोटा थांबवण्यासाठी बाहेर पडण्याचा भाव) १८० ला. एका शेअरमागे जोखीम २०, म्हणून ५,००० भागिले २०, म्हणजे २५० नग. बहुतेक जण उलट करतात: आधी पाचशे नग घेतात, मग तोटा किती सोसवेल याचा विचार करतात.

स्टॉपलॉस फार जवळही नको. शेअर रोज ४% वरखाली होत असेल, तर २% अंतरावरचा स्टॉपलॉस नेहमीच्या चढउतारातच उडतो आणि भाव पुन्हा वर जातो. गेल्या १४ दिवसांतला रोजचा उच्चांक आणि नीचांक यांतला फरक काढा, त्याची सरासरी घ्या आणि साधारण तिच्या दुप्पट अंतर ठेवा. अंतर वाढले की नग कमी होतील. ते होऊ द्या.

ऑर्डर टाकताना

स्टॉपलॉस मनात ठेवू नका, सिस्टिममध्ये टाका. मनातला स्टॉपलॉस भाव जवळ आला की हमखास खाली सरकतो. ऑर्डरचे दोन प्रकार आहेत. ट्रिगर लागल्यावर, म्हणजे भाव स्टॉपलॉसला पोचल्यावर, मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विक्री) गेली, तर खरेदीदार असेपर्यंत शेअर विकला जातो, पण भावाची खात्री नसते. लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाखाली विक्री नाही) गेली, तर भावाची खात्री असते, विक्रीची नाही. वरच्या उदाहरणात बाजार थेट १६५ ला उघडला, तर मार्केट ऑर्डर त्याच्या आसपास निघेल आणि तोटा ५,००० ऐवजी ८,७५० च्या घरात जाईल. १७८ ची लिमिट लावली असेल, तर ऑर्डर तशीच पडून राहील आणि भाव खाली जात राहील. बाहेर पडणे महत्त्वाचे असेल, तर आमचे मत मार्केट ऑर्डरच्या बाजूने. मात्र ज्यात उलाढालच तुरळक आहे, अशा शेअरमध्ये ती फार खालच्या भावाला निघू शकते. असे शेअर मुळात कमीच घ्यावेत.

भाव वर गेला तर स्टॉपलॉस वर सरकवा. खाली कधीही नाही.

'ॲव्हरेज' करण्याबद्दल

२०० चे २५० नग असताना १७० ला आणखी २५० घेतले, की सरासरी १८५ दिसते आणि बरे वाटते. भाव १५० झाला, तर पहिल्या २५० नगांवर १२,५०० जाणार होते. आता १७,५०० जातात. खरेदी टप्प्याटप्प्याने करायचीच असेल, तर टप्पे, एकूण नग आणि शेवटचा स्टॉपलॉस पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.

हे कुठे लागू नाही?

निर्देशांक फंडात दरमहा ठरावीक रक्कम घालत असाल, तर भावावर आधारलेला स्टॉपलॉस तिथे गैरलागू आहे. पडत्या भावात जास्त युनिट मिळतात, हाच त्या पद्धतीचा फायदा. एखादी कंपनी दीर्घकाळासाठी घेतली असेल, तर खरेदीचे कारण दोन ओळींत तारखेसह लिहा, उदाहरणार्थ 'कर्ज कमी होत आहे'. पुढच्या निकालांत कर्ज वाढलेले दिसले, तर भाव वर असो वा खाली, त्या शेअरचा फेरविचार करा.

स्टॉपलॉस लागला, की त्या दिवशी तोच शेअर पुन्हा घेऊ नका. गेलेले पैसे लगेच वसूल करायच्या घाईत पुढचा सौदा बहुधा दुप्पट नगांचा होतो.