मुदती हुंडीपासून पुढच्या तारखेच्या चेकपर्यंत

सांगलीच्या हळद बाजारात माल आज उचलायचा आणि पैसे मुदतीने द्यायचे, ही रीत चेकबुकाहून जुनी आहे. हळद पुढच्या गिऱ्हाइकाकडे जाऊन पैसा फिरून येईपर्यंत थोडा अवधी लागतोच. तो अवधी कागदावर बांधण्याचे साधन म्हणजे हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताच पटायची, मुदती हुंडी ठरल्या दिवशी. मुदती हुंडी हाती असणे म्हणजे पैसा हाती असणे नव्हे, हे पेढीवरचा मुनीम जाणून होता. पुढच्या तारखेचा चेक लिहिताना नेमके तेच आज विसरले जाते.

1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याने चेकची व्याख्या केली ती मागताक्षणी देय असलेला कागद अशी. पुढे सांगली बँक (1916) आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक (1936) अशा बँका इथेच उभ्या राहिल्या आणि चेक दुकानदाराच्या हातात आला. मुदतीच्या बिलाला, म्हणजे ठरल्या दिवशी पैसे देण्याच्या हुंडीसारख्या कागदाला, स्टॅम्प लागे. चेकवरचा स्टॅम्प मात्र 1927 मध्ये रद्द झाला. मग मुदत हवी असेल तर चेकवरच पुढची तारीख टाकणे सोपे आणि स्वस्त पडू लागले. ठरल्या दिवसानंतर अशा बिलाला मिळणारे सवलतीचे तीन दिवस मात्र चेकला नाहीत.

या चेकला खरा धाक आला तो 1 एप्रिल 1989 पासून. त्या दिवशी याच कायद्याचे कलम 138 लागू झाले आणि खात्यात पैसे नसल्याने चेक परत जाणे हा गुन्हा ठरला. आधी एक वर्षापर्यंत असलेली कैद 2002 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत गेली. दंड रकमेच्या दुपटीपर्यंत होऊ शकतो. व्यापारी सहीचे चेक मागून घेऊ लागले ते याच धाकामुळे. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदाराच्या हातीही माल तोडून गेल्यावर अनेकदा असाच चेक उरतो. त्याच्यासाठी हा इतिहास नुसती माहिती नाही.

1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट स्पष्ट केली: पुढच्या तारखेचा कागद त्या तारखेपर्यंत हुंडीसारखे बिल असतो, चेक होतो तो त्या दिवशी. चेकची मुदतही त्यावरच्या तारखेपासूनच मोजायची. ती पूर्वी सहा महिने होती, रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने 1 एप्रिल 2012 पासून तीन महिने झाली. तारखेआधी भरलेला चेक बँक परत करते, आणि तेवढ्यावरून 138 लागत नाही.

हिशेबाची रीत यातूनच निघते. चेक हाती येताच बँक नावे, पार्टी जमा, म्हणजे पैसे बँकेत आले आणि गिऱ्हाइकाची उधारी फिटली, असे लिहून मोकळे होणारे बरेच आहेत. ते चूक आहे. 31 मार्चच्या ताळेबंदात 20 एप्रिलचा चेक बँकेत दिसला, तर शिल्लक फुगते आणि उधारी खोटी कमी होते. असा चेक बँक जुळवणीत, म्हणजे आपली वही बँकेच्या नोंदींशी ताडताना, ‘न वटलेला’ म्हणून दाखवणेही तितकेच चूक, कारण तो बँकेत गेलेलाच नाही. त्यासाठी वेगळे रजिस्टर ठेवावे: पार्टी, बँक, चेक नंबर, चेकवरची तारीख, रक्कम, कोणत्या बिलापोटी. पार्टीची बाकी खतावणीत तशीच राहू द्यावी. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचरला पोस्ट-डेटेड अशी खूण करता येते, मग ती नोंद त्या तारखेलाच खात्यावर चढते. चेक देणाऱ्यानेही तारीख येईपर्यंत देणे उभेच दाखवावे.

चेक परतला तर नोंद उलटवून पार्टी पुन्हा नावे टाकावी, बँकेचे चार्जेस वेगळे लिहावेत आणि चेक परतल्याची बँकेकडून सूचना मिळाल्याची तारीख रजिस्टरात न चुकता घालावी. कलम 138 साठी पैसे मागणारी नोटीस पाठवायचे 30 दिवस तिथून मोजले जातात. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला 15 दिवस असतात, आणि ते उलटल्यावर कोर्टात तक्रारीला एक महिना.