ही ओळ कोणी बदलली, आणि का?

लिनक्स सर्व्हरचा सगळा स्वभाव 'ईटीसी' नावाच्या एका फोल्डरमध्ये असतो. कोणती डिस्क कुठे जोडायची, बाहेरून लॉगिन कोणाला करू द्यायचं, हे तिथल्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेलं असतं. 'एफएसटॅब' फाइलीत डिस्कची ओळख लिहिताना एक अक्षर चुकलं, तर मशीन सुरू होतानाच अडकू शकतं. चूक झालेली असते तीन महिन्यांपूर्वी. रीस्टार्ट होतो आज. तोवर कोणाला काय आठवणार?

बॅकअप असतो, पण फाइल कशी होती एवढंच तो सांगतो. का बदलली, ते नाही. शेजारी 'ओल्ड', 'ओल्ड२' अशा प्रती ठेवल्या, तर महिन्याभरात ठेवणाऱ्यालाच खरी कुठली ते कळेनासं होतं.

प्रोग्रॅमरांची हीच अडचण होती. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत १९७२ साली त्यासाठी 'एससीसीएस' हे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर तयार झालं आणि २००५ साली लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी त्याच कामासाठी गिट लिहिलं. प्रत्येक बदलाची नोंद म्हणजे कमिट: काय बदललं, कोणी, कधी, आणि सोबत एक ओळ कारणाची. 'जुनी डिस्क काढली म्हणून' एवढे चार शब्दसुद्धा पुढे तासन्‌तास वाचवतात. मला तर ही ओळच सगळ्यात मोलाची वाटते.

मग ईटीसीमध्ये थेट गिट वापरावं का? इथे खरी मेख आहे. गिट मूळचं प्रोग्रॅमसाठी बनलेलं. फाइलीचा मालक कोण, हे ते लक्षात ठेवत नाही. परवानग्यांपैकी फाइल चालवता येते की नाही, एवढंच टिपतं. 'शॅडो' फाइलीत सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश, म्हणजे सांकेतिक रूपं, असतात. ती नुसत्या गिटने परत आणली, तर मजकूर तंतोतंत जुना, पण कोणीही वाचावी अशी उघडी पडू शकते.

जोई हेस यांचं 'ईटीसीकीपर' हे साधन ही उणीव भरून काढतं. मालक आणि परवानग्या ते वेगळ्या फाइलीत लिहून ठेवतं. नवं पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचा संच, बसवण्याआधी आणि नंतर ते स्वतःहून कमिट करतं, त्यामुळे हाताने केलेले बदल आणि पॅकेजने केलेले बदल एकमेकांत मिसळत नाहीत.

हा इतिहास मात्र रूटपुरताच, म्हणजे सर्व अधिकार असलेल्या खात्यापुरताच, ठेवावा, कारण 'शॅडो' त्यातही असते. तो चुकून बाहेर गेलाच, तर फाइल खोडून भागत नाही. जुन्या कमिटमध्ये ती तशीच राहते. तेव्हा सगळे पासवर्ड बदलावेच लागतात.